दादांचा पहारा

माझी थोरली मुलगी तीन आठवड्यांची असताना मी तिला हळदीच्या तराजूत तोललं.

हे वाचून माणूस वेडा असावा असं वाटेल. तसं नव्हतं. मी सांगलीला हळदीच्या अडत दुकानात कारकून होतो. किलो नुकतेच आले होते आणि शेतकरी अजून शेरातच बोलत होते, तेव्हाची गोष्ट. शंका आली की माल काट्यावर घालायचा, एवढं एकच शास्त्र मला येत होतं. सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी, रहिमतपूरला गेली होती. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली होती, “पोर सारखी रडते हो. दूध पुरत नाही की काय तिला?” मी तिला धीर द्यायला हवा होता. त्याऐवजी मी तराजू आणला. दुकानातला जुना, पोत्यात गुंडाळून, वजनांसकट, रेल्वेनं.

तिथं दारातच दादा. दादा म्हणजे माझे सासरे, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बाळंतिणीच्या खोलीला दार होतं, दाराला पडदा होता आणि पडद्यापुढं स्टूल टाकून, खोलीकडं पाठ करून दादा बसलेले असत. येणाऱ्या-जाणाऱ्याला, त्यानं काही विचारायच्या आत, खणखणीत आवाजात सांगत, “दूध हाय. लय हाय.” पोस्टमनला सांगत. कल्हईवाल्याला सांगत. एकदा शेजारची काकू “बाई अशक्त दिसती, पुरतंय का गं...” एवढं म्हणाली, तर दादांनी तिला उंबऱ्यावरूनच परत फिरवलं, “तुमच्या चुलीवरचं उतू चाललंय, बघा जावा!”

मला या माणसाचा फार वैताग होता. घरात चार माणसांसमोर लेकीच्या दुधाची दवंडी पिटायची म्हणजे काय! बरं, यांना त्यातलं काही कळत असतं तरी चाललं असतं. स्वतःची चार मुलं अंगावर पीत होती तेव्हा दादा कुठल्याशा छावणीत बूट पॉलिश करत होते. सासूबाई त्यांच्या तोंडावर म्हणत, “आवं, तुमी हुतासा कुठं? थोरला चालाय लागला तवा त्यानं तुमाला बघून भोकाड पसरलं.” दादांवर काही परिणाम होत नसे.

त्या रविवारी दादा मळ्यात गेले होते, एवढाच माझा फायदा. मी सोप्यातल्या तुळईला तराजू टांगला. दुपटं काढून पोरीला पारड्यात ठेवलं, कारण कापडाचं वजन धरणं अडतीत नियमाला सोडून. मग तिला सुमनकडं दिलं आणि पडद्याबाहेर उभा राहिलो.

“झालं का?”

“आत्ता तर घेतलंय.”

“आता?”

“अहो, जरा थांबाल का!”

शेवटी पोर बाहेर आली. मी तिला खांद्यावर घेतलं, तिनं माझा सदरा ओला केला, मी तिला पुन्हा पारड्यात ठेवलं. काटा होता तिथंच. मी मोठ्यानं, दुकानात सांगतात तसं सांगून टाकलं, “काही फरक नाही. पोटात काही गेलेलंच नाही!”

पडद्याआडून हुंदका ऐकू आला.

त्याच वेळी काकू डोकावली आणि किंचाळली, “अगं बाई! पोरीला कावीळ!” पोर खरंच टाळूपासून टाचेपर्यंत पिवळीजर्द झाली होती. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांनी पदरानं पोरीची पाठ पुसली, पदर पिवळा झाला. त्यांनी पारड्याकडं बघितलं, माझ्या ओल्या सदऱ्याकडं बघितलं.

“ह्ये पाणी कुठनं आलं, जावईबापू? आकाशातनं? सकाळपास्नं दुपटी पिळून माझी मनगटं गेली. पोटात जात न्हाई तर भायेर काय येतंय?”

हे हिशोबात धरायचं राहिलंच होतं. पण आता उशीर झाला होता. सुमननं पोरीला पुन्हा जवळ घेतलं, तर काही केल्या पान्हा फुटेना. पोर रडते, सुमन रडते. “नाहीच येत मला. डब्याचं दूध आणा,” ती म्हणाली. मी पडदा सारून आत तिच्यासमोरच जाऊन उभा राहिलो आणि दर मिनिटाला विचारत राहिलो, “आलं का?”

दादा मळ्यातून आले. सासूबाईंनी सगळं सांगितलं. जावयाला ओरडायचं नाही ही आमच्याकडची रीत दादांनी कशी पाळली हे त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांनी तराजू उतरवून गोठ्यात नेला, हात धुतले आणि स्टुलाकडं बोट दाखवलं.

“जावईबापू, आज पहारा तुमचा. बसा. आन् म्हना, दूध हाय.”

“पण दादा, तुम्हाला कशावरून ठाऊक?”

“मला काय ठाऊक असणार? सुमनच्या आईला ठाऊक. ती म्हनली हाय, म्हंजे हाय. मी नुसतं मोठ्यांदा सांगतो.”

मी बसलो. घसा साफ केला. “दूध... असावं.”

“असावं न्हाई! हाय!”

“दूध आहे. बहुतेक.”

“बहुतेक कुनी सांगितलं? पुन्हा!”

“दूध आहे!” मी ओरडलो, तोच कल्हईवाला दारात येऊन उभा राहिला. तो गोंधळून म्हणाला, “मला दूध नको, साहेब. भांडी हायत का?”

आत सुमन हसली. मघापासून रडत होती ती एकदम खळखळून हसली आणि सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “लाव आता. लाव तिला, पान्हा सुटलाय.” पोरीचं रडणं मधेच तुटलं आणि घटाघट गिळल्याचा आवाज पडद्याबाहेर मला ऐकू आला. मी तिथून हललो नाही. दादांनी आणलेला चहाही तिथंच प्यालो.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यावर चिडण्यात मी जेवढा वेळ घालवला तेवढा कशातच घालवला नसेल. पण त्या संध्याकाळी ते मला स्टेशनवर पोचवायला आले, तराजूचं पोतं स्वतःच्या खांद्यावर घेऊन, तेव्हा मी फुशारून गेलो होतो. गाडी दिसायला लागल्यावर मला राहवेना.

“दादा, खरं सांगा. मी दारात बसल्यानं फरक पडला की नाही?”

“पडला की,” दादा म्हणाले. “तेवढा वेळ तुमी आत न्हवता.”