बेलीझला प्लॉट पाहायला

नव्वदच्या दशकात आम्ही नवरा-बायको अमेरिकेत चँडलरला राहायचो. दोघंही कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एकाच कारखान्यात. तो रात्रपाळीला, मी दिवसपाळीला. गाठ पडायची ती बहुधा स्वयंपाकघरात. एकाच्या हातात चहाचा कप, दुसऱ्याच्या हातात गाडीची किल्ली. अशातच कामावरच्या कुणीतरी त्याला बेलीझचं माहितीपत्रक दिलं. मध्य अमेरिकेतला छोटासा देश, निळा समुद्र, सगळे इंग्रजी बोलतात, डॉलर चालतो, किनाऱ्यावरची जमीन अजून आवाक्यात. प्लॉट पाहायला येणाऱ्यांची राहण्याजेवण्याची सोय फुकट.

"लवकर रिटायर होऊ आणि तिथंच राहू," तो म्हणाला. तो नागपूरचा, मी अकोल्याची. समुद्राशी दोघांचाही संबंध शून्य. तरी मी हो म्हटलं. चार दिवस सुट्टी मिळेल, एवढंच मला ऐकू आलं होतं.

विमानतळावरून जीपनं धक्के खात गावात पोचलो. लाकडी खोल्या, पुढे नारळीची झाडं, त्यांना बांधलेला दोरीचा झुला. त्यानं बॅग ठेवली, झुल्यात आडवा झाला आणि झोपला. जेवायला उठवलं तर नारळाच्या दुधातला राजमा-भात मुकाट्यानं खाल्ला आणि परत झोपला. दुसऱ्या दिवशी प्लॉट दाखवणारी बाई आली. टेक्सासची, साठीची, तोंडाचा पट्टा न थांबणारी. मी त्याला हलवलं.

"तू जाऊन ये ना," डोळे न उघडताच तो म्हणाला.

मग मीच गेले. खारफुटी तोडून केलेली मोकळी जागा, नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या. "हा तुमचा दिवाणखाना," चिखलात उभी राहून बाई म्हणाली. मी मान डोलवत पायांवरची चिलटं झटकत होते. त्या सगळ्या पट्ट्यात घर एकच उभं होतं. ओहायोहून आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचं. नवरा मासे धरायला गेला होता. बायकोनं लिंबू सरबत दिलं आणि माझा हात धरला तो सोडेचना.

"तुम्ही कधी येणार राहायला? लवकर या. इथं बोलायला कुणी नाही हो."

"बघू," मी म्हटलं. टेक्सासच्या बाईनं घाईघाईनं मला जीपकडे नेलं.

परत आले तर हा अजून झुल्यातच. तोंड उघडं, कपाळावरची आठी गेलेली. लग्नाच्या वेळी असा दिसायचा. शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मलाही बसल्या बसल्या डोळा लागला. उरलेले दिवस आम्ही असेच काढले. निघताना बाई कागद घेऊन आली. कळवतो म्हणून सांगितलं.

विमानात त्यानं विचारलं, "कसा होता गं प्लॉट?"

"ठीक होता."

"घ्यायचा?"

"तू बघितलासही नाहीस."

त्यानं खुर्चीला डोकं टेकलं. मग म्हणाला, "मी फार थकलोय गं."

"मीही," मी म्हटलं.

प्लॉट घेतला नाही. बाईचे फोन बरेच दिवस येत राहिले, मग थांबले. त्यानं दिवसपाळी मागितली. खालच्या पदाची नोकरी पत्करावी लागली, वाटही खूप पाहावी लागली, पण मिळाली. पहिल्या दिवशी संध्याकाळी दोघं एकाच वेळी घरी आलो आणि सवयीनं स्वयंपाकघरातच येऊन उभे राहिलो. शेवटी त्यानं बाह्या वर केल्या आणि विचारलं, "कुठली भाजी चिरू?"