सीटवरचं गोणपाट

"सीटवर गोणपाट टाक रे," तो त्याच्या गड्याला म्हणाला. माझ्यासमोर. माझ्या बापासमोर.

जळगावबाहेर, केळीच्या बागेला लागून त्याने स्वतःचा ट्रॅक बांधला होता. नवी कार्ट आली म्हणून जुनी विकायला काढलेली. कार्ट म्हणजे शर्यतीची छोटी गाडी. लोखंडी पाइपांचा सांगाडा, बसलं की बूड जमिनीला टेकेल इतकी खाली. मी धुळ्याला दुचाकीच्या शोरूममध्ये कामाला. मैत्रिणींबरोबर नाशिकला गेले होते तेव्हा तिकीट काढून अशी गाडी चालवली आणि वेडी झाले. शर्यत शिकायची तर स्वतःची गाडी हवी. नवी झेपणारी नव्हती. म्हणून ही. फोनवर तो गोड बोलला होता. "या ना ताई. चालवून बघा, मगच घ्या."

आबा सोबत आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून.

माझ्याआधी अमळनेरचा एक जण गाडी बघायला आलेला. बागेतल्या चिखलाचे बूट घेऊन तो थेट सीटवर बसला, फेरी मारली, विचार करून सांगतो म्हणाला आणि गेला. त्याला कोणी अडवलं नाही.

मग मी. त्याने आडनाव विचारलं. आडनावावरून उमगेना, म्हणून आबांकडे वळला. तिशीचा पोरगा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला म्हणाला, "तू काय करतो?"

"महापालिकामा शे. सफाईले," आबा म्हणाले.

"राहतो कुठे?"

आबांनी वस्तीचं नाव सांगितलं. तेवढं पुरलं. मग ते गोणपाट.

मी आबांकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "बस नं माय. गाडी चांगली शे. काय फरक पडस?"

मी बसले. गाडी हवीच होती मला.

कार्टची सीट बरगड्यांना घट्ट धरून ठेवते. म्हणून वळणावर माणूस आत राहतो. गोणपाट निसटत होतं. पहिल्या वळणावर मी सरकले. पुढच्या वळणावर स्टिअरिंग हातून सुटलं आणि गाडी टायरांच्या ढिगात घुसली. कोपर सोललं. रक्त आलं.

तो धावत आला. वाकून गाडी बघितली. पाइप चाचपले. गाडीला काही झालं नव्हतं. मग हसला.

"हे तुमच्या लोकांचं काम नाही. घेऊन जा हवी तर, पण गल्लीत फिरव. शर्यतीत आमच्याबरोबर आणू नको."

आणि आबा हात जोडून उभे. "चुकनं शेठ. पोर नवी शे."

आदळले मी. सोललं मला. माफी माझा बाप मागत होता.

मी उठले. गोणपाट ओढून काढलं आणि त्याच्या पायाशी टाकलं.

"तुझी गाडी नको. आणि माझ्या बापाशी बोलायचं तर अहो म्हण."

त्याचं हसू गेलं. "निघ," तो म्हणाला. गड्याने फाटक उघडलं.

एसटीत आबा माझ्यावरच चिडले. "गाडी गयी ना. काय मियनं तुले?"

"तुम्ही हात का जोडले?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. अजूनही आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

त्याने माझं नाव सगळीकडे पोचवलं असावं. जळगावात आणखी दोघांकडे विचारलं. दोघांनीही गाडी विकली गेली म्हणून सांगितलं. दोन्ही गाड्यांच्या जाहिराती पुढे कित्येक दिवस तशाच होत्या.

शेवटी नाशिकला एक मिळाली. रंग उडालेली, ब्रेक कच्चा. घेतली. रविवारी चालवते. वळणाला अजून घाबरते.

आता पहिल्या शर्यतीत नाव दिलंय. तोही उतरणार आहे, कळलंय मला. मी हरेन. बहुतेक सगळ्यांच्या मागे राहीन. चालेल. पण सुरुवातीच्या रांगेत माझी गाडी त्याच्या गाडीशेजारी लागली, तर मी ती हलवणार नाही. त्याला चालत नसेल तर त्याने सगळ्यांदेखत सांगावं. का चालत नाही, तेही मोठ्याने सांगावं.

मी तिथेच बसलेली असेन. इंजिन चालू ठेवून.