नव्या पैशांची बेरीज आणि आमच्या परबबाई

यमुनाबाई परब यांना मी प्रथम पाहिले ते भाजीवालीशी घासाघीस करताना. परळच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून तो माझा पहिला दिवस होता. गिरगावातून आलेली मी दुसरीच्या वर्गाच्या दारात घाबरून उभी होते. आत सतरंजीवर वांगी, लिंबे आणि सुक्या बोंबलांची जुडी मांडलेली. भाजीवाली सात वर्षांची होती आणि बाई तिच्यापुढे मांडी घालून बसल्या होत्या.

"बाई, परवडत नाही. सहा नये पैसेच पडतील," भाजीवालीने ठणकावले.

बाईंनी निमूटपणे पाचाचे आणि एकाचे नाणे मोजून दिले, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या, तुम्हीही काहीतरी घ्या. गिऱ्हाइकं कमी पडतायत."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने तेव्हा सारे गिरणगाव ढवळून निघाले होते. त्यातच आण्यांच्या जोडीला, रुपयाला शंभर असे नये पैसे आलेले. एकाच मुठीत दोन्ही नाणी असत आणि मोठी माणसेही गोंधळत. बाई पगारातली थोडी रक्कम मोडून सुटी नाणी आणत आणि त्यांवर मुलांना बेरीज शिकवत. "मोठं नाणं आधी हातात घ्यायचं, मग पुढे मोजत चालायचं," एवढाच त्यांचा नियम.

मुख्याध्यापकांना ते पसंत नव्हते. "बाई, खरे पैसे कशाला? मुलं घरी नेतील."

"नेऊ देत, सर. किती नेले ते बेरीज करून सांगितलं म्हणजे झालं." मग गंभीर होऊन त्या म्हणाल्या, "पुठ्ठ्याचा पैसा चुकला तर मुलाला काही वाटत नाही. खरा चुकला की ते आपणहून पुन्हा मोजतं."

बाई रागीट होत्या, हेही नोंदवले पाहिजे. आम्हा तरुण शिक्षिकांना त्या सर्वांदेखत बोलत. पण गणित चुकलेल्या मुलावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

त्यांच्या वर्गात शालन नावाची मुलगी होती. तिचे वडील गिरणी कामगार. सीमाभागातल्या सत्याग्रहाला गेले आणि तुरुंगात पडले. आई पार्वतीबाई लालबागच्या चाळीत गिरणीतल्या माणसांची खानावळ चालवत. जेवणारे आणे देत, नये पैसे देत. वाणी सांगेल ते त्या खरे मानत. पैसे कुठे गळतात ते कळेना, वाण्याची बाकी मात्र वाढत होती. अखेर खानावळ बंद करून मुलीसह मालवणकडच्या गावी जायचे त्यांनी ठरवले.

अशात एक दिवस शालन चार आण्यांचे नाणे घेऊन गुळाला गेली. गूळ दहा नये पैशांचा झाला. वाण्याने दहा परत दिले. पोरगी हलेना. दहाचे नाणे फळीवर ठेवून म्हणाली, "दहाचा गूळ, हे दहा. वीस झाले. चार आण्यांचे पंचवीस होतात. माझे पाच द्या."

"जुन्या नाण्याचा हिशेब असाच असतो," वाणी म्हणाला.

"आमच्या बाईंनी असा नाही शिकवला."

मागची गिऱ्हाइके हसू लागली, तेव्हा त्याने पाच पैसे काढून दिले.

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाई शाळेच्या दारात आल्या. पदर तोंडाशी धरून, शालनकडे बघत म्हणाल्या, "बाई, माझा चेडू वाण्याक गप करून इला. माका पण शिकवशात?"

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. त्याच दुपारी शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन चाळीत गेल्या. गॅलरीत चार-पाच खानावळवाल्या बसल्या होत्या, संकोचाने पाट्या उलट्या धरून. बाई म्हणाल्या, "पाट्या राहू देत. मी बाजार करायला आले आहे. तांदूळ कसा दिलात?" बघता बघता त्या साऱ्या जणी भावावरून भांडायला लागल्या. पुढे हरताळामुळे शाळा बंद असे त्या दिवशीही बाई लालबागला चालत जात. मी एकदा म्हटले, "आज नको, रस्त्यात पोलीस आहेत." त्या म्हणाल्या, "त्यांनाही सुटे पैसे लागत असतील," आणि चपला घालून निघाल्या.

पार्वतीबाई गावी गेल्या नाहीत. नवरा सुटून आला तेव्हा खानावळ चालू होती आणि वाण्याची बाकी फिटली होती. त्यांनी त्याला सारा हिशेब तोंडी सांगितला. तो म्हणाला, "तुका ह्या कोणी शिकवल्यान?" पार्वतीबाई म्हणाल्या, "आधी जेव. मग दाखवतंय तुका त्यांचा घर."

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच बाईंकडे आला आणि वाकून नमस्कार करून गेला. बाईंच्या डोळ्यांत मी पाणी पाहिले ते त्या एकाच वेळी.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात, नजर मंदावली आहे, राग मात्र शाबूत आहे. तो तसाच राहो. त्यांच्या गुडघ्यांना जिने चढण्याचे बळ मिळो, त्यांना शांत झोप लागो, आणि त्यांच्या दारात चपला काढून आत जाण्याचे भाग्य आम्हा सर्वांना अजून पुष्कळ वर्षे लाभो.