समुद्र दिसणारी खोली

आईला कुठं ठेवायचं हे ठरवण्यासाठी मी वहीत गुणपत्रिका आखली होती. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई दुसरं काय करणार? स्वच्छतेला वीस गुण, जेवणाला वीस, माणसांच्या वागणुकीला तीस, डॉक्टर किती वेळा येतो याला दहा. उरलेले वीस समुद्राला. म्हणजे तिथल्या खोलीतून समुद्र दिसतो का, याला.

समुद्राचे वीस गुण मी कुणालाही न विचारता ठरवले. आई डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाढवणची. माहेर तिथलं, सासर तिथलंच, चार गल्ल्या सोडून. सारं आयुष्य तिनं ओहोटीला खडपावर जाऊन कालवं काढली. पाणी उतरलं की उघडा पडणारा खडकाळ पट्टा, ते खडप. बाया लहानशी कोयती आणि टोपली घेऊन जातात, खडकाला चिकटलेली कालवं फोडतात आणि पाणी परतायच्या आत मागं फिरतात. घड्याळ कुणाच्या हातात नसे. पुनवेला आणि अवसेला पाणी सकाळी सहा-साडेसहाला उतरतं आणि मग रोज पाऊण तास पुढं जातं, हे प्रत्येकीला तोंडपाठ. अशा बाईला समुद्रापासून तोडलं तर ती महिनाभरही जगणार नाही, असं माझं ठाम मत होतं. माझी सगळीच मतं ठाम असतात.

२०१५ साली डहाणूच्या डॉक्टरांनी तिला स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. आधी ती माझं नाव विसरली. मग वडील गेल्याचं विसरली आणि रोज त्यांचं ताट वाढायला लागली. मग वेळी-अवेळी उठून घराबाहेर जायला लागली. या सगळ्याची आम्ही सवय करून घेतली. पण दोन वर्षांनी, दिवाळीनंतरच्या एका दुपारी, ती एकटीच खडपावर गेली आणि पाणी परत आलं तरी तिथंच उभी राहिली. गावातल्या दोघीजणींनी तिला कमरेएवढ्या पाण्यातून ओढून काढलं. तिची टोपली भरलेली होती, म्हणे. आत एकही कालव नव्हतं, नुसते दगड होते.

घरी दादा आणि वहिनी. दादा मासळीचा टेम्पो चालवतो, पहाटेच बाहेर पडतो. मी डहाणूजवळ मसोलीला फ्लॅटमध्ये, रविवारी दुपारी आईकडे जाणारी. दादा म्हणाला, "आता कुटंतरी बगाय पायजे. तूच बग बाय, तुला समजतं." मला समजतं हे मलाही मान्य होतं.

पहिला वृद्धाश्रम गुजरातच्या हद्दीत होता. लादी इतकी चकचकीत की त्यात माझं तोंड दिसत होतं. मी वीसपैकी वीस लिहून टाकले. मग जेवणाचं विचारलं तर तिथला माणूस हसून म्हणाला, "प्युअर व्हेज. कांदा-लसूणसुद्धा नाही." माझ्या आईनं सुक्या बोंबलाशिवाय भाकरी मोडलेली मला आठवत नाही. जेवण : शून्य.

दुसऱ्या ठिकाणी मी सकाळी अकराला पोचले. हॉलमध्ये बारा-चौदा म्हातारी माणसं ओळीनं खुर्च्यांवर बसलेली, टीव्ही चालू, आणि सगळी झोपलेली. एकूण एक. कुणी खोकत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. "बघा मॅडम, किती शांत ठेवलंय," व्यवस्थापक कौतुकानं म्हणाला. मी एका आजींच्या खांद्याला हात लावला. त्यांची मान कलंडली आणि तोंडातून लाळ आली, पण डोळे उघडले नाहीत. त्यांच्या पोटावरून साडीची पट्टी घेऊन खुर्चीच्या मागं गाठ मारलेली होती. मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले. "माणसं बांधून ठेवता? तुमच्या आईला असं बांधाल?" वहीचं ते पान मी तिथंच त्याच्या समोर फाडलं.

तिसरी जागा मात्र मनासारखी निघाली. सुरूच्या झाडांमागे बैठं घर, माणसं बरी, शुक्रवारी आणि रविवारी मासे, आणि एका खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी. खिडकीत उभं राहिलं की समोर सगळं पाणी. मी चौऱ्याऐंशी गुण दिले. एवढे गुण मी वर्गात कुणाला दिले नव्हते.

तलासरीला मी गेले ते केवळ शाळेतल्या एका बाईंनी नाव सुचवलं होतं म्हणून. हायवे सोडून आत, चिकूच्या वाडीतलं जुनं घर. अंगणात शेळ्या. आत नुसता कालवा, एक आजोबा मोठ्यानं पाढे म्हणत होते, दोन आज्या एकाच सुपासाठी भांडत होत्या आणि सायवनकडची एक कामवाली त्यांना दुसरं सूप आणून देत होती. समुद्राचा तर वासही नाही. मी मनातल्या मनात एकेचाळीसवर आले होते. ही जागा चालवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या, सगळे त्यांना गुजराती रीतीनं बेन, म्हणजे ताई, म्हणत. माझी प्रश्नांची यादी संपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग आईला त्यांच्या भाषेत बा म्हणत त्यांनी एकच विचारलं.

"बा उठून जातात त्याचा टाइम काय? सकाळी, संध्याकाळी?"

मला सांगता येईना. कधी सकाळी जायची, कधी दुपारी, कधी तिन्हीसांजेला. काही नेम नाही, मी म्हटलं.

"नेम असतोच, ताई. मी त्यांना घरी येऊन बघते. घर बघितल्याशिवाय मी कोणाला घेत नाही."

मला रागच आला. परीक्षा घ्यायला मी आले होते, आणि ही बाई उलट माझीच परीक्षा घेणार? पण घरी येते म्हणणाऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं? मी दिवस ठरवला आणि सुरूच्या झाडांमागच्या त्या लोकांनाही फोन करून सांगितलं की खोली राखून ठेवा, आमचं जवळपास नक्की आहे.

बेन आल्या तो दिवस साधाच होता. सकाळचे नऊ वाजले असतील. गल्लीत भिंतीभिंतीवर, होऊ घातलेल्या बंदराविरुद्ध, 'बंदर नको' म्हणून लिहिलेलं, ते वाचत वाचत त्या चालत आल्या. दादा त्या दिवशी मुद्दाम घरी थांबला होता. आई ओटीवर गोधडीवर बसली होती, खांबाला पाठ टेकून, अंगात फुलाफुलांचा गाऊन. गेले कित्येक रविवार मी तिला तिथंच बसलेली बघत होते. पाठ दुखत असेल म्हणून मी तिला एक उशीही आणून दिली होती.

बेननी वाकून नमस्कार केला आणि त्या नर्सच्या सवयीनं सूज बघायला आईचा घोटा दाबायला गेल्या. त्यांचा हात थबकला. त्यांनी गाऊन वीतभर वर सारला.

आईच्या पायाला दोरी होती. जाळ्याची हिरवी नायलॉनची दोरी. घोट्याभोवती दोन वेढे, गाठ, आणि उरलेली दोरी गोधडीखालून खांबापर्यंत. घोट्याभोवती कातडी सोलून लाल वळ उठले होते, काही जुने, काही ओले.

मला काही ऐकू येईनासं झालं. मग माझाच आवाज ऐकू आला. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं मी वहिनीवर तुटून पडले. "वहिनी, जनावर आहे का ती? ढोर आहे? तुला जड झाली होती तर मला सांगायचं. माझ्या आईला खांबाला बांधलंस?" वहिनी दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मला कबुलीसारखंच वाटलं. दादा खाली मान घालून उभा. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"तिला कनाला बोलतेस?" आई म्हणाली.

किती महिन्यांनी तिचा तो आवाज ऐकला. मी लहान असताना आमच्यावर ओरडायची तो.

"मी बांदलंय. माज्या हातानं."

मग वहिनीनं ट्रे खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसत सांगितलं. आईला पाण्यातून काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एकदम सगळं स्वच्छ कळत होतं. दगडांची टोपली तिनं बघितली. मग स्वतः दोरी कापली, स्वतः गाठ मारली. दोरी इतकीच लांब ठेवली की मोरीपर्यंत जाता यावं आणि फाटकापर्यंत जाता येऊ नये. "बाया टोपल्या घेऊन गल्लीतून चालल्या का आई पायाला बांदतात. पानी भरलं का सोडतात. ज्या दिवशी इसरतात त्या दिवशी मी आठवन करते. तुमाला सांगू नको म्हनून शपथ घातली होती मला, माज्या पोरांची."

"आणि मधेच सोडवत नाहीत?" बेननी विचारलं.

"एकदा का डोसक्यात खडप शिरलं का गाठ सोडवायची असते हे पन कळत नाय त्यांना. नुसतं ओढत बसतात. म्हनून तर पाय असा झालाय."

पाणी उतरण्याची वेळ. रोज पाऊण तास पुढं. बेननी विचारलं होतं तो नेम हाच होता, आणि तो मला लहानपणापासून पाठ होता. एवढी शिकलेली मी, आईच्या पायांची वेळ मला ओळखता आली नव्हती. आणि ते रविवार! मी तिच्या शेजारी बसून केळी सोलून देत होते, शाळेच्या गमती सांगत होते, आणि त्यांतल्या कितीतरी दुपारी ती गोधडीखाली बांधलेली होती. वहिनीकडे बघायची मला हिंमत होईना. तिची माफी मी त्या दिवशी मागितली नाही, नंतर मागितली. ती उशिराच झाली.

बेन ओटीवरच आईसमोर मांडी घालून बसल्या. आम्हां तिघांना जणू बाहेर काढून टाकलं त्यांनी.

"बा, माझ्याकडे राहायला येशील?"

"कुटं?"

"तलासरीला. वाडी आहे."

"दर्या दिसतो तितून?" आईनं विचारलं.

"नाही, बा. खोटं नाही बोलणार. चिकूची झाडं दिसतात."

"आयकाय येतो?"

"नाही. हायवेच्या ट्रका ऐकायला येतात."

"मासली करता?"

"वार बघत नाही मी. मिळाली की करतो आम्ही."

"मंग येते," आई म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी समजुतीच्या सुरात, मीच काही हट्ट धरला असावा तशी, "दर्या दिसला का पाय ऱ्हात नाय गो पोरी."

मी घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तो समुद्र मी तिच्यासाठी खिडकीसकट राखून ठेवला होता. तिथं ती रोज दोनदा दरवाजे बडवत राहिली असती, आणि कुणीतरी तिला गोळी देऊन खुर्चीला बांधलं असतं, आणि मी चौऱ्याऐंशी गुण देऊन निवांत झोपले असते. सगळ्यांना सगळं विचारलं मी. व्यवस्थापकांना, डॉक्टरांना, आचाऱ्यालासुद्धा. तिला एकदाही विचारलं नाही. तिला आता काय कळतंय, असं मी धरूनच चालले होते.

आठ दिवसांनी आम्ही तिला घेऊन निघालो. सकाळी घरातून निघताना ती शहाणी होती. स्वतः कपड्यांची पिशवी भरली, वहिनीच्या तोंडावरून हात फिरवला, दोरी खांबाला तशीच राहू द्या म्हणाली आणि गाडीत बसली. दादानं कुणाचीतरी गाडी मागून आणली होती. आशागड मागं पडलं. चारोटीवरून वळल्यावर महालक्ष्मीचा डोंगर दिसला तशी तिनं सवयीनं हात जोडले. मला बरं वाटलं. एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

"कुटं चाललो?" तिनं विचारलं.

"तलासरीला, आई. बेनकडे."

"कोन बेन?"

"घरी आल्या होत्या ना. तूच येते म्हणालीस."

"मी?" तिनं खिडकीबाहेर बघितलं. ट्रक, धूळ, पुन्हा ट्रक. मग ती माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत माझी काहीच ओळख नव्हती. माझं मनगट तिनं दोन्ही हातांनी धरलं, आणि तिनं मला अहोजाहो केलं.

"ओ बाई, तुमच्या पाया पडते. मना घरी न्या. पानी उतरलं आसंल. बाया गेल्या आसतील. माजी पोरगी शालेतून येल, घरात कोन नाय. तुमच्या पाया पडते ओ."

ती खरंच वाकली. गाडीत जागा नव्हती तरी माझ्या पायांपर्यंत वाकली. मी तिला धरून वर बसवलं. हो म्हणणारी बाई गाडीत नव्हती. कुठल्या वळणावर ती उतरून गेली, मला कळलंच नव्हतं. आता जी बसली होती तिला कुणीच काही विचारलं नव्हतं, आणि ती नको म्हणत होती.

दादानं गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवून तो आरशातून माझ्याकडे बघत होता. "बाय," तो म्हणाला, "काय करू? फिरवू?"

आई त्याच्या सीटच्या पाठीवर थापा मारत होती. "फिरव रे भाऊ, फिरव." तिचा पाय पुढं ताणलेला होता, घोट्यावर खपली, कशाला तरी अडकल्यासारखा नुसताच ओढत. त्याला आता दोरी नव्हती.

मी दादाला म्हटलं, "चालव."