शाल-श्रीफळाआधीचा युरोप

साहेबांनी मला युरोपला न्यायचं ठरवलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "का?" चारचौघं अशा वेळी "कधी?" विचारतात. साहेब हसले आणि म्हणाले, "अरे भाई, आपका हक़ बनता है।" इतक्या वर्षांत माझा कसलाही हक्क बनला नव्हता. तो एकदम पासपोर्टसकट बनला, म्हटल्यावर मला झोप लागेना.

आमचं ऑफिस ग्वाल्हेरला, लश्कर भागातल्या इंदरगंजात आहे. ग्वाल्हेरच्या आसपास निघणारा पांढुरका-पिवळा दगड आम्ही परदेशी पाठवतो. तिकडची माणसं तो बागेतल्या पायवाटांना लावतात. कुठला माल कुणाला द्यायचा आणि तक्रार आली की काय उत्तर द्यायचं, हे माझं काम. जर्मनीच्या गिऱ्हाइकाला फरशीत गुलाबी रेघ दिसली की त्याचं डोकं फिरतं, बेल्जियमवाल्याला नेमकी तीच रेघ हवी असते. ही सगळी मंडळी मला ई-मेलवरून चांगली ओळखत होती. काम उत्तम चाललं होतं. मग आत्ताच त्यांना माझं तोंड दाखवायचं साहेबांना का सुचावं?

माधवगंजात घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोकडाला आधी हार घालतात."

"अगं, काहीतरीच काय!"

"बरोबर कोण आहे?"

"साहेब. आणि ती नवी मुलगी."

"तीच ना, तुमच्या टेबलाला टेबल लावून बसते आणि दिवसभर तुम्हाला प्रश्न विचारते?"

"हो."

"मग झालं तर," असं म्हणून तिनं एक किडकी भेंडी बाजूला टाकली. त्या भेंडीकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

साहेब म्हणजे मालकांचे जावई. खासगी कंपनीत निवृत्तीचं वय नसतं, मालकाचा मूड असतो. मुलगी अजून शिकतेय, घराचा हप्ता चालू आहे. नोकरी गेली तर माझ्या वयाच्या माणसाला इंदरगंजाच्या चौकात कुणी रस्तासुद्धा विचारणार नाही. तेव्हा युरोप बघायचा तो डोळे उघडे ठेवून, असं ठरवून मी निघालो. गिऱ्हाइकांसाठी गजकचे, म्हणजे आमच्याकडच्या तीळगुळाच्या वड्यांचे, डबे घेतले, आणि संशय मावेल तेवढा.

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांची एक जुनी सवय आहे. बाहेर सगळा कारभार हिंदीत. पण चारचौघांत काही खासगी बोलायचं असलं, की आम्ही मराठीत शिरतो. खोलीत जाऊन आतून कडी लावावी तसं. आमची मुलगी मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवते, पण दुकानदारासमोर "बाबा, हा महाग सांगतोय, चला" एवढं खणखणीत मराठीत म्हणते. आमचे आजे-पणजे दरबारात असंच बोलले असणार. साहेब आग्र्याचे आणि ती मुलगी हरिशंकरपुरमच्या एका हिंदी घरातली, तेव्हा माझी कडी भक्कम होती. विमान सुटायच्या आधीच मी फोनवर बायकोला दोघांचं वर्णन ऐकवून मोकळा झालो. साहेबांचं नाव पडलं बगळा. ती मुलगी कोल्हीण.

जर्मनीत पुरावे जमायला लागले. गिऱ्हाइकाच्या आवारात साहेब मला एकट्याला दगडांच्या पेट्यांपुढे उभं करून फोटो काढत. "ज़रा मुस्कुराइए।" मग गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून एक. मग मी लांब कुठेतरी बघतोय असा एक. एवढे फोटो माझ्या लग्नात निघाले नव्हते. दुसरं म्हणजे, ती दोघं एका टेबलाशी बोलत असत आणि मी ताट घेऊन पोचलो की एकदम गप्प होत. आणि तिसरं म्हणजे तिचे प्रश्न. "सर, ये वाले नाराज़ हों तो पहले क्या लिखते हैं?" "सर, इनको रंग का कैसे समझाते हैं?"

मीही कच्चा नव्हतो. प्रत्येक प्रश्नाला अर्धं उत्तर द्यायचो. रंगाची तक्रार आली की दगडाचा फोटो मागवायचा, असं सांगितलं. पण कोरडा आणि ओला असे दोन फोटो मागवायचे, कारण पाणी पडलं की हाच दगड वेगळा दिसतो, हे गिळून टाकलं. नाश्त्याला सगळ्यांसमोर व्हिडिओ कॉल लावून बायकोला अहवाल द्यायचो. "बगळा अंडी खातोय. कोल्हीण आज पुन्हा रंगाचं विचारत होती, मी काही दाद दिली नाही." बायको म्हणायची, "अहो, हळू." मी म्हणायचो, "कुणाला कळतंय इथे?"

मग आम्ही आगगाडीने बेल्जियमला निघालो. साहेब कॉफी आणायला पुढच्या डब्यात गेले. समोरच्या बाकावर ती मुलगी डोळे मिटून टेकली होती. मी घरी फोन लावला.

"कोल्हीण कुठेय?" बायकोनं विचारलं.

"समोरच. झोपलीय. झोपेत बरी दिसते, लबाडी दिसत नाही."

डोळे न उघडता ती म्हणाली, "काका, मी झोपली नाहीए. आणि कोल्हीण पण नाहीए."

फोनमधून आवाज आला, "अहो, कोण बोललं? मराठी माणूस भेटला का?"

मी फोन बंद केला. बाहेर जर्मनी संपत होता की बेल्जियम सुरू होत होता, मला काही दिसत नव्हतं.

"तुला मराठी येतं?"

"आमच्या बाजूला एक काकू राहतात ना. मम्मी बँकेत जायची, मी दुपारभर त्यांच्याचकडे. त्यांचाच वरण-भात खाऊन मोठी झाली." मग डोळे उघडून म्हणाली, "काका, पूर्ण लश्करला कळतं मराठी. भाजीवाल्याला कळतं. तुम्ही लोक महाग-महाग बोलता, तो बिचारा ऐकून घेतो."

पिढ्यान् पिढ्या आम्ही कडी लावून बसलो होतो आणि त्या खोलीला भिंतच नव्हती, हे मला असं परमुलखात कळलं.

"तू कधीपासून ऐकतेयस?"

"विमानात तुम्ही काकूंना बोलले, हिच्या पिशवीत अर्धं दुकान आहे. तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिले मजा येत होती." ती खिडकीकडे वळली. "मग जर्मनीत साहेबांनी मला सांगितलं. तेव्हापासून मजा नाही आली. काका, तुमचा शक बरोबर आहे. परत गेल्यावर तुमची विदाई आहे. शाल, नारळ, आणि फोटोंचा व्हिडिओ. तुमचं काम मला देणार आहेत. म्हणून आम्ही चुप होऊन जातो तुम्ही आले की."

"तू काय म्हणालीस?"

"मी बोलली, मला अजून येत नाही. ते बोलले, ये सात-आठ दिन में सीख लो."

संशय खरा ठरला की माणसाला निदान विजयाचा आनंद व्हावा. मला तोही झाला नाही. नोकरी जाणार हे एक दुःख. आणि बायकोचं म्हणणं खरं ठरलं, ते तिला फोन करून कळवायचं, हे दुसरं. त्यातून जरा सावरलो, तर पुढचा संशय हजर! ही मला हे सांगतेय कशाला? दया म्हणून? की माझं मन वितळवून उरलेली अर्धी उत्तरं काढून घ्यायला?

तेवढ्यात साहेब कॉफी घेऊन आले. "क्या बातें चल रही हैं?"

"कुछ नहीं सर, मौसम," आम्ही दोघं एकदम म्हणालो आणि गप्प झालो. साहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या कपाळावरची ती आठी मला अगदी घरच्यासारखी वाटली. गेले काही दिवस ती माझ्याच कपाळावर राहायला होती.

बेल्जियममध्ये मी हॉटेलच्या न्हाणीघरात नळ सोडून घरी फोन केला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरगी खरं बोलतेय की गळ टाकतेय, ते बघा. आणि नळ बंद करा आधी, पाणी वाया जातंय."

मी बघत होतो. ती आता प्रश्न विचारत नव्हती. हे जास्त संशयास्पद होतं.

शेवटचा मुक्काम हॉलंडमध्ये. तिथलं गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारा व्यापारी. माझा सगळ्यात जुना पत्रमित्र म्हणायला हरकत नाही, फक्त आमच्या पत्रांत भांडणंच होती. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, गजकचा तुकडा मोडून खाल्ला, दाताला चिकटला तरी पुन्हा घेतला. मग आवारात नेऊन एक पेटी दाखवली. त्यातल्या फरश्या कागदावर ठरल्या होत्या त्याहून काळपट होत्या.

साहेबांनी मला हातानं मागे थांबवलं आणि तिला पुढे केलं. "अब से ये देखेंगी," असं त्यांनी माझ्या कानात सांगितलं, आणि तेच म्हाताऱ्याला इंग्रजीत, जरा सजवून.

तिनं फरशीवरून बोट फिरवलं. फोटो पाठवा, आम्ही ताडून बघू, असं म्हणाली. म्हाताऱ्यानं विचारलं, "फोटो पाठवलाय. त्यात तर ही फरशी फिकी दिसते. मग?"

ती थांबली. त्या 'मग'चं उत्तर माझ्याकडे होतं. मी तोंड मिटून उभा राहिलो. ती अडकली तर माझी नोकरी टिकते, इतका साधा हिशेब होता. अडकल्यासारखं मात्र मलाच वाटत होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे वळून स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "मला या कामाचं अर्धंच येतं. उरलेलं अर्धं या सरांकडे आहे, आणि ते त्यांनी मला अजून शिकवलेलं नाही."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. माझा कसा झाला ते देव जाणे. म्हातारा मात्र गजकचे तीळ दातांतून काढत खदखदून हसला. "शहाणा माणूस! मीही माझ्या मुलाला अर्धंच शिकवलंय. ठीक आहे, मी आता दोघांनाही लिहीन. उत्तर दोघांनी मिळून द्या." गिऱ्हाइकासमोर साहेब काय बोलणार? "ऑफ़ कोर्स," म्हणाले. मग मी पाण्याची बादली मागवली आणि एक कोरडी, फिकी फरशी ओली करून दाखवली; ती पेटीतल्या ओलसर फरश्यांइतकीच काळपट झाली. ती मुलगी माझ्या शेजारी वाकून बघत होती.

परत आल्यावर शाल-नारळाचा विषय निघाला नाही. एकदा मीच धीर करून साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "देखेंगे, साल ख़त्म होने दो।" म्हणजे रद्द झालेलं नाही, पुढे ढकललंय. तो व्हिडिओ कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये तयार असणार.

त्या दिवशी तिनं मला वाचवलं, की एवढ्यात अंगावर येऊ पाहणारं काम टाळून स्वतःला वाचवलं, की माझ्याकडचं उरलेलं पूर्ण काढून घेईपर्यंत मला जागेवर ठेवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बायकोचं मत रोज बदलतं. ती मुलगी घरी जेवायला येऊन गेली त्या दिवशी तर दोनदा बदललं. मीही आता तिला शिकवतो. अर्धं नाही, त्याहून बरंच जास्त. काही गोष्टी तर सांगून झाल्यावर लक्षात येतं, की सांगून बसलो.

परवा ती खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाली, "काका, खरं सांगा. अजून किती बाकी आहे?"

"बाकी आहे," मी म्हणालो. "पुष्कळ बाकी आहे."

खरं म्हणजे फारसं काही उरलेलं नाही. पण तिनं मान डोलावली, आणि शेजारच्या टेबलाशी बसलेले साहेब ऐकत होते; एवढं मराठी आता त्यांनाही कळत असणार.