बराबर हाय मी

सुरुवातीलाच स्पष्ट करतो. माझा देवावर विश्वास आहे. पण आवाज ऐकू येणे, कोणी दिसणे, असल्या गोष्टींवर तो कधीच नव्हता. आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत मी वडील आहे, म्हणजे रविवारी उपासना चालवतो आणि शास्त्र वाचून दाखवतो. कोणी स्वप्नाची किंवा आवाजाची साक्ष द्यायला उभे राहिले, की मीच त्यांना हळूच खाली बसवत असे. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो... तरी लिहितो. यात माझी एक चूक आहे, आणि ती लपवून हा अनुभव सांगता येणार नाही.

उदरनिर्वाहासाठी मी हळद शिजवण्याचे मशीन चालवतो. हंगाम सुरू झाला की कुरुंदा गावाच्या आसपास माझा बॉयलर या शेतातून त्या शेतात फिरतो. बॉयलरच्या पलीकडे चार लोखंडी टाक्या असतात. टाकीत हळद भरायची, झाकण लावायचे आणि नळातून वाफ सोडायची. वाफेचा कॉक माझ्या हाताशी. मध्ये बॉयलर असल्यामुळे टाक्या मात्र मला दिसत नाहीत. म्हणून आमची एक पद्धत आहे. कॉक फिरवण्याआधी मी ओरडून विचारतो, "बराबर?" टाकीवरचा माणूस झाकण तपासून उत्तर देतो, "बराबर." हा एक शब्द आल्याशिवाय वाफ सोडायची नाही. त्याहून जास्त काही बोलायचेही नाही, कारण त्या आवाजात लांबलचक बोलणे कळत नाही.

आता चूक सांगतो. जवळच्या तांड्यावरची एक वृद्ध बाई आमच्या उपासनेला येत असे. सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. तिला वाचता येत नाही. तिची प्रार्थना एवढीच असे — "देवा, माझ्या लेकराच्या बराबर ऱ्हा."

मला माझ्या शुद्ध भाषेचा अभिमान होता. एका रविवारी सर्वांसमोर मी म्हणालो, "याडी, बराबर राहा म्हणजे नीट राहा. तुम्ही देवाला दटावता की काय? सोबत राहा, असं म्हणावं."

मंडळी हसली. तोंडाला पदर लावून याडीही हसली. त्यानंतर तिने कधी मोठ्याने प्रार्थना केली नाही, आणि हळूहळू यायचीही थांबली. तिचा मुलगा धनसिंग मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "वडील, माझ्या याडीचं बोलणं देवाच्या दारात पास न्हाई, तर माझं कुठून होणार? आमी न्हाई येत आता."

येतील आपणहून, असे मी मनाशी म्हटले. दोन वर्षे गेली. तांडा माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. बोललेल्या शब्दांपेक्षा हे न जाणेच मला आज अधिक मोठे पाप वाटते.

या हंगामात बापूरावांच्या शेतावर काम लागले. त्यांनी तांड्यावरून मजूर आणले आणि त्यात टाकीवर उभा राहायला नेमका धनसिंग आला. तीन दिवस आम्हा दोघांत फक्त तेवढाच शब्द होत होता. "बराबर?" "बराबर." त्याची बायको काशीबाई इतर बायकांना म्हणाली, "ह्या दोघांचं भांडण बी बराबर अन् बोलणं बी बराबर." मी ऐकले, पण मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बापूराव डिझेल आणायला गेले होते. बायका बऱ्याच अंतरावर लिंबाखाली भाकरी खात बसल्या होत्या. दुसरी टाकी भरून झाली असेल, या समजुतीने मी कॉकवर हात ठेवला आणि विचारले, "बराबर?"

उत्तर आले नाही. पुन्हा विचारले. मग आले.

"बराबर हाय मी."

आवाज शांत होता, कसलीही घाई नसलेला. बॉयलरच्या धडधडीतही माझ्या खांद्याशी उभे राहून कोणी बोलावे इतका स्पष्ट. पुरुषाचा की बाईचा, हे मला तेव्हाही कळले नाही.

पहिल्यांदा मनात काय आले, ते प्रामाणिकपणे सांगतो. भीती आली नाही, भक्तीही नाही... राग आला. वाटले, धनसिंग आईच्या शब्दाने मला टोमणा मारतो आहे. शिवाय एक शब्द ठरलेला असताना तीन कशासाठी? मी कॉक सोडला आणि त्याला समज द्यायला बॉयलरला वळसा घालून गेलो. मी कोणाला वाचवायला गेलो नव्हतो. मी त्याची भाषा सुधारायला गेलो होतो.

दुसऱ्या टाकीचे झाकण उघडे होते आणि बाहेर फक्त दोन पाय दिसत होते.

मी ओरडलो, पाय धरून ओढू लागलो. माझी धडपड पाहून काशीबाई धावत आली. दोघांनी मिळून त्याला बाहेर काढले, सावलीत निजवले, तोंडावर पाणी मारले. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. काशीबाई रडतही होती आणि रागावतही होती. "किती बार सांगितलं, डोस्कं आत घालू नको म्हणून."

"तळाच्या जाळीत हळद अडकली व्हती," तो पुटपुटला. "वाकलो, अन् चक्कर आली."

"मग मला उत्तर कसं दिलंस?" मी विचारले.

"कायचं उत्तर?"

"'बराबर हाय मी' म्हणालास."

तो कोपरावर रेलून उठला. "मी न्हाई बोललो, वडील. तुमची हाक बी न्हाई ऐकली. पर हे तर माझ्या याडीचं बोलणं हाय."

दवाखान्यात दाखवून, दिवस मावळायच्या आत मी त्याच्याबरोबर तांड्यावर गेलो. याडी बाजेवर बसून ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि क्षमा मागितली.

"काहून? पोरगं तर धडधाकट हाय," ती म्हणाली.

मी तिला दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारची आठवण करून दिली.

"ते व्हय? मी तर रोजच म्हणून राहिले. मनात म्हणते. मोठ्यानं म्हणलं तर तुमच्यासमोर मराठी चुकंल."

"आज दुपारी म्हटलं होतं का?"

"दुपारी मी झोपले व्हते," याडी म्हणाली आणि ज्वारीतला खडा काढून फेकला. "मंग देवानं सोताच म्हणलं असंल."

पुढच्या आठवड्यात मी खात्री करून पाहिली. मशीन चालू ठेवून बापूरावांना लिंबाखालून, बांधावरून, टाकीमागून तेच तीन शब्द ओरडायला लावले. टाकीमागून 'बराबर' एवढे कळले, बाकी सगळा अस्पष्ट गलका; तसा शांत, स्पष्ट आवाज कुठूनच आला नाही. बापूराव म्हणाले, "सुधाकरराव, कान तपासून घ्या. मशीन चालू असली की मला माझ्या बायकोची हाक बी ऐकू येत न्हाई." वाफ गळण्याचा आवाज असेल, असेही स्वतःला समजावून पाहिले. परंतु वाफेला याडीची बोली कोठून येणार?

त्याच आठवड्यातल्या रविवारी धनसिंग आईला घेऊन आला. मी मंडळीसमोर उभा राहून माझी चूक सांगितली आणि याडीला प्रार्थना करण्याची विनंती केली. ती काठी टेकत उठली.

"आता पास हाय का, वडील?"

सगळे हसले, या वेळी तिच्या बाजूने. मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, आमच्या समद्यांच्या बराबर ऱ्हा." आमच्या उपासनेच्या पत्र्याच्या खोलीत लहानमोठ्या सर्वांनी तेच वाक्य म्हटले, पुन्हा म्हटले. सर्वांत मोठा आवाज माझा होता, असे धनसिंग नंतर म्हणाला. असेल. माझ्या छातीवरून दोन वर्षांचे ओझे उतरले होते.

देव आपल्याबरोबर आहे, हे मी कितीतरी वर्षे वाचून दाखवत आलो. आणि दिवसातून अनेकदा तोच शब्द ओरडून विचारत असताना मला तो कधी ऐकू आला नव्हता. आता धनसिंग हंगामभर माझ्याच मशीनवर असतो. "बराबर?" मी विचारतो. "बराबर," तो म्हणतो. मी क्षणभर थांबतो आणि मगच कॉक फिरवतो.

तो आवाज कोणाचा, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. त्या दुपारी कोण बरोबर होते, एवढे मात्र मला कळले.