अजून वाजतंय

१४ जुलै १९६७, शुक्रवार. हवा दमट, वारा पडलेला, खाडीवर धुरकट. सुट्टी.

जड कानाच्या माणसाजवळ किस्से कानातल्या मळासारखे साचतात. त्याला स्वतःला पत्ता नसतो, दुसऱ्यांना मात्र लांबून दिसतात! आज ते काढून ठेवतो आहे, कारण उद्या सकाळी अरबाबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, बोलावलं आहे. दुबईत देराला त्यांचा बर्फाचा कारखाना आहे, तिथे मी डिझेल इंजिन चालवतो. त्या इंजिनाने माझे दोन्ही कान खाल्ले, ही बातमी डॉक्टरांनी परवा त्यांच्यापर्यंत पोचवली. इंजिनाखेरीज दुसरं काम मला येत नाही. तेव्हा उद्या एक तर नोकरी राहील, नाही तर मला मुंबईच्या बोटीत बसवतील. बसवलं तर निदान किस्से तरी सोबत असावेत.

*

सुरुवात एका शिटीने झाली. एके सकाळी इंजिनातून बारीक शीळ ऐकू यायला लागली. मी हसनमियांला हाक मारली. हा आमचा फिटर, श्रीवर्धनचा, माझ्याच खोलीत राहतो.

"बेअरिंग गेलंय."

त्याने इंजिनाला कान लावला. "मला तर काही ऐकू येत नाही."

"मग आधी तुझे कान तपासून घे!" मी म्हणालो.

इंजिन बंद केलं, कव्हर काढलं, बेअरिंग बाहेर काढलं. पुसून बघितलं तर नव्यासारखं! ते गोणपाटावर ठेवलं. मी बोट उंचावून विजयाने म्हणालो, "ऐक! अजून वाजतंय!"

हसनमियांने उघड्या इंजिनाकडे बघितलं, गोणपाटावरच्या बेअरिंगकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाई, तुझे कान वाजतायत."

हे वाक्य मी जन्मभर थट्टेत ऐकत आलो होतो. रोगाचं नाव म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

*

फोरमन हिंदी बोलतो. एकदा इंजिनाच्या गडगडाटात तो लांबून हात हलवत ओरडला, "पंप बंद कर!"

मला ऐकू आलं, "पंप, बंदर!"

मुंबईहून नवा पंप यायचा होताच. मी हात धुतले, हातगाडी घेतली आणि थेट बंदर गाठलं. धक्क्याला लागलेल्या एकेका गलबतावर जाऊन विचारलं, "पंप आला का?" नाखव्यांनी चहा पाजला, पंप कोणी दिला नाही.

परत आलो तर कारखान्यात घोट्याइतकं पाणी आणि फोरमन स्टुलावर उभा!

"कहाँ गया था?"

"बंदर."

"बंदर तो तू है!"

तेव्हापासून कारखान्यातले हिंदीवाले मला बंदर म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ चांगला आहे, असं मी मनाला समजावतो.

*

जे ऐकू आलं नाही त्याला उत्तर काय द्यायचं, यावर मी पुष्कळ विचार केला आणि एक शब्द पक्का केला. इन्शाल्ला. इथे तो कुठेही चालतो. सामान येईल का? इन्शाल्ला. उद्या भेटशील? इन्शाल्ला. फार सुखाचे दिवस गेले.

मग एके दिवशी बाजारात पोलिसाने अडवलं. हसनमियां माझ्याबरोबर होता, त्याला अरबी येतं, म्हणून तोच दुभाष्या. पोलिसाचे ओठ हलले. मी म्हणालो, "इन्शाल्ला." पुन्हा हलले. मी आणखी नम्रपणे म्हणालो, "इन्शाल्ला."

हसनमियां माझ्या कानाशी येऊन ओरडला, "अरे, पहिल्यांदा त्याने तुझं नाव विचारलं!"

"आणि दुसऱ्यांदा?"

"बापाचं!"

*

जमातीच्या नमाजात मी हसनमियांशेजारी उभा राहतो. इमामसाहेबांचा आवाज पोचत नाही, म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्यावर लक्ष ठेवतो. तो वाकला की मी वाकतो.

एका दुपारी हसनमियांला खोकल्याची उबळ आली. तो वाकला. मी रुकूत, म्हणजे कमरेतून वाकून, उभा. एवढ्यावर भागलं असतं, पण माझ्या पलीकडे दोन म्हातारे उभे होते. ते माझ्याकडे बघून वाकत असणार, हे मला त्या दिवशी कळलं!

बाहेर आल्यावर हसनमियां म्हणाला, "भाई, मला बढती मिळाली. आता मी तिघांचा इमाम आहे."

*

गेल्या सुट्टीत घरी दाभोळला गेलो होतो. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. ती बोलायची आणि मी "हो" म्हणायचो. शेजारीण आली तेव्हा बायको तिला आनंदाने, अगदी मोठ्याने सांगत होती, "दुबईचं पाणी यांना फार मानवलंय गो! पूर्वी प्रत्येक गोष्टीत वाद घालायचे."

संध्याकाळी ओटीवर बसल्यावर म्हणाली, "इथे किती शांत वाटतं ना?"

हे बरोबर ऐकू आलं. दोन्ही कानांत शिटी वाजत होती. मी म्हणालो, "हो."

*

शेवटी हसनमियांने मला ओढून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी लोखंडाचा एक चिमटा टेबलावर आपटून कानाजवळ धरला आणि मोठ्याने बजावलं, "जब तक आवाज आए, उँगली ऊपर रखो."

मी बोट वर केलं.

डॉक्टरांनी थोडं थांबून विचारलं, "अभी भी?"

"अभी भी."

त्यांनी चिमटा स्वतःच्या कानाला लावून बघितला. मग ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर बंद केला. चष्मा पुसला. माझं बोट वरच!

"अभी भी?"

"जी."

डॉक्टर हसनमियांकडे वळले. "इनको इंजिन से हटाओ. और उँगली नीचे कराओ."

*

१५ जुलै, शनिवार. हवा तीच, सकाळी थोडा वारा.

मी धुतलेला शर्ट घातला. अरबाब मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, बसले होते. मला कॉफी दिली, मग हसनमियांशी बोलायला लागले. ते बराच वेळ बोलले. मला एकही शब्द समजला नाही, म्हणून मी हसनमियांचा चेहरा वाचत होतो. तो आधी गंभीर झाला, मग उजळला, मग त्याने रुमाल तोंडावर धरला. बोटीचं तिकीट निघालं, असं मी समजलो.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

तो माझ्या कानाशी वाकला. "अरबाब म्हणतात, तू इमानाने इंजिन सांभाळलंस. माझ्या इंजिनाने तुझे कान नेले. आता तुला त्या आवाजात ठेवणं गुनाह आहे. इंजिन खलास!"

"म्हणजे बोट?"

"बोट नाही! पगार तोच. तुला शांत जागा देतायत. बसून काम."

"कसलं काम?"

हसनमियांने पुन्हा रुमाल तोंडावर धरला. अरबाब उठले, "यल्ला", म्हणजे चल, म्हणाले आणि स्वतः माझा हात धरून मला ऑफिसमागच्या खोलीत घेऊन गेले. खोलीत पंखा होता. एक टेबल, एक खुर्ची.

उद्यापासून सकाळी आठ ते एक आणि दुपारी चार ते सात माझी ड्यूटी टेलिफोनवर.